खारीचं रडणं

माणिकताईला दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशी नरहरभाऊजी त्यांच्या मुलीला, नयनाला, घेऊन माझ्याकडे आले. ते रेल्वेत इंजिनिअर, लखनौच्या चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत त्यांचा क्वार्टर. मी लखनौतच, अलीगंजमध्ये, दोन खोल्या घेऊन एकटी राहायचे. माणिकताई माझी सख्खी मोठी बहीण. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी दगा दिला होता. वॉर्डात बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नसत आणि नयना तर सात वर्षांची.

"आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, अरुणा," भाऊजी म्हणाले. ते त्यांनाही खरं वाटत नव्हतं.

नयनाने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि मला विचारलं, "मावशी, तुम्हारे यहाँ कूलर है?" मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. माणिकताई त्यावरून रोज चिडायची.

हे १९७९ च्या एप्रिलमधलं. ते बालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून सगळीकडे साजरं होत होतं, आणि म्हणूनच आमच्या हातातल्या फिल्मची एवढी घाई होती. मी एका सरकारी खात्याच्या छोट्याशा चित्रपट विभागात चित्रकार होते. भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस. आम्ही मुलांसाठी अकरा मिनिटांची कार्टून फिल्म करत होतो, 'छाँव की गठरी', म्हणजे सावलीचं गाठोडं. हाताने काढलेली, एका सेकंदाला बारा चित्रं. दोन वर्षं मी ती काढत होते आणि पारदर्शक कागदांवर मागच्या बाजूने रंगवत होते.

गोष्ट लोभाची होती. टुनी नावाच्या खारीला कडक उन्हाळ्यात शोध लागतो की सावल्या चटईसारख्या गुंडाळता येतात. आधी ती पानाची सावली उचलते, मग कुत्र्याची, मग विहिरीची, मग अख्ख्या कडुनिंबाची. सगळं गाव भाजून निघतं आणि ती गारव्यात लोळते. शेवटी ती स्वतःच्या आईची सावलीही ओढून नेते आणि आई उन्हात सुकत जाते. तेव्हा टुनी रडते, आणि रडत रडत सगळ्या सावल्या परत अंथरते. फिल्म त्या रडण्यावर उभी होती.

गोष्ट आणि दिग्दर्शन चंद्रहास नाडगौडा यांचं. बेचाळीस वर्षांचे, मूळचे बेळगावकडचे, अविवाहित. आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. कधी कुणावर ओरडले नाहीत. मला ते 'अरुणाबाई' म्हणत. दिल्लीत बालचित्रपटांची स्पर्धा होती आणि तिथलं पहिलं बक्षीस त्यांना हवं होतं. ते मिळालं की मुंबईला मोठी फिल्म करायला बोलावतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

टुनीचा आवाज कुणाचा घ्यायचा, हे ठरत नव्हतं. घरी कुणी नसल्यामुळे मी नयनाला ऑफिसात नेऊ लागले होते. एका दुपारी ती व्हरांड्यात चिंचोके मोजत स्वतःशीच हसली. नाडगौडा दारात थांबले.

"हा आवाज कुणाचा?"

त्यांनी तिला आत नेलं, टुनीची चित्रं दाखवली. तासाभरात ती टुनी झाली होती. चार दिवसांत तिने सगळे संवाद म्हटले. हसणं, धापा टाकणं, सावली ओढताना कण्हणं, सगळं एका दमात. आमचे ध्वनिमुद्रक जगदीश श्रीवास्तव लखनौचेच, दोन मुलींचे बाप. ते म्हणाले, "दीदी, ये लड़की तो कमाल है." संध्याकाळी भाऊजी येऊन जात, तेव्हा नयना त्यांना सांगायची, "बाबा, आई को बोलना, मैं गिलहरी बन गई." भाऊजी दवाखान्यात जाऊन तसं सांगायचे. ताईला हसायचेही कष्ट पडत, तरी ती हसायची.

फक्त रडणं राहिलं.

कार्टूनमध्ये पात्रं बोलतात-रडतात ती चित्रं आवाज आधी घेऊन त्याच्यावरून काढतात; बाकीची माझी काढून झाली होती. त्यामुळे रडणं मिळाल्याशिवाय मला पुढे काम करता येत नव्हतं. रेकॉर्डिंग दुपारी दोननंतर असे, कारण लू, म्हणजे तिकडचा होरपळवणारा वारा, सुटली की रस्त्यावर चिटपाखरू नसे. खिडक्यांना गाद्या लावायच्या, पंखा आणि कूलर बंद करायचे. त्या भट्टीत नयना फ्रॉकने घाम पुसत माइकसमोर स्टुलावर बसायची आणि डोळे चोळत ऊं ऊं करायची.

"बाळा, हे रडणं नाही," नाडगौडा मऊपणे म्हणायचे. "हा खोकला झाला. पुन्हा."

तीन दुपारी असं चाललं. ते तिला रागावले, तिची चित्रांची वही फाडली, स्टुलावरून उठू दिलं नाही. पाणी मागितलं तर म्हणाले, रडलीस की देतो. ती रुसली, घुम्म झाली, एकदा चिडून त्यांना "गंदे काका" म्हणाली. रडली नाही. माणिकताईसारखीच हट्टी होती. मी हे सगळं मशीनच्या खोलीतून, काचेमागून पाहत होते. मध्ये पडले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन काळी कार्डं होती, फिल्मच्या सुरुवातीला येतात तशी. पांढरी अक्षरं त्यांनी स्वतः बसून काढली होती. एकावर सहा नावं, त्यात माझं चौथं. दुसऱ्यावर एकच ओळ: 'चित्रांकन व सह-दिग्दर्शन : अरुणा मिराशी'. बाकी सगळं काळं.

"तुम्हीच सांगा यातलं कुठलं लावू," ते म्हणाले. "तुमची दोन वर्षं आहेत यात. मला तर वाटतं मुंबईलाही तुम्ही माझ्याबरोबर यावं."

मी दुसऱ्या कार्डाकडे बघत राहिले.

"त्या मुलीला तिच्या आईबद्दल सांगा," ते म्हणाले. "सांगा, आई गेली. माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही. तुमच्यावर बसेल. एका मिनिटाचं काम. नंतर लगेच सांगायचं, थट्टा होती. मुलं दहा मिनिटांत विसरतात."

मी म्हटलं, "सर, काय बोलताय तुम्ही हे?" आणि उठून आले. दिवसभर त्यांनी विषय काढला नाही. फक्त ते दुसरं कार्ड त्यांनी माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर आणून ठेवलं आणि गेले. मी ते उलटं करून ठेवलं. जेवायच्या सुट्टीत सुलटं करून पुन्हा पाहिलं. एकोणतीस वर्षांची होते मी. दुसऱ्याच्या नावाखाली काढलेल्या चित्रांची कपाटं भरली होती. कुणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "एकदाच."

"एकदाच," ते म्हणाले.

गाद्या लागल्या. पंखा बंद झाला. जगदीशना आम्ही काही सांगितलं नव्हतं. मी नयनासमोर गुडघ्यांवर बसले, तिचे हात धरले आणि म्हटलं, "नयना, बाबांचा निरोप आलाय. आई गेली."

"कहाँ?"

"देवाघरी."

मग तिने विचारलं, "जाते समय मुझे बुलाया था?"

मी म्हटलं, "नाही."

हे का म्हटलं ते मला आजही माहीत नाही. नाडगौडांनी तेवढं शिकवलं नव्हतं. ते माझं मीच घातलं. आणि त्यावर ती रडली. रडणं पोटातून वर आलं, स्टूल हलू लागलं. ती "आई, आई" म्हणत नव्हती, नुसता आवाज. मी तिला जवळ घेणार तेवढ्यात काचेमागून नाडगौडांनी हात वर केला, थांबा. माझ्या साडीचा आवाज माइकवर आला असता. मी थांबले. ती माझ्यापासून हातभर अंतरावर रडत होती आणि मी हात मागे घेऊन बसले होते.

मिनिटभराने त्यांनी खूण केली. मी तिला पोटाशी धरलं. "खोटं होतं गं, बाळा. आई बरी आहे. खेळ होता, टुनीसाठी." तिने डोकं वर करून माझा चेहरा तपासला. मग उचक्या देत हसायला लागली आणि माझ्या खांद्यावर गुद्दे मारले. "बुद्धू मावशी! ऐसा कोई बोलता है?"

मी काचेमागे गेले तेव्हा टेप ऐकून झाली होती. जगदीश पांढरेफटक पडले होते. नाडगौडा म्हणाले, "मध्ये सायकलची घंटी आली आहे."

"इतना-सा है, साब. काट के जोड़ दूँगा. किसी को पता नहीं चलेगा."

"मला कळेल," नाडगौडा मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "मला सलग हवं आहे. आणखी एकदा."

"आता ती विश्वास ठेवणार नाही," मी म्हटलं. बघा, मी नाही म्हटलं नाही. विश्वास ठेवणार नाही, असं म्हटलं.

"ठेवेल. तिला सांगा, आई बरी आहे हे खोटं होतं. तिचं रडणं बघवलं नाही म्हणून तुम्ही तसं म्हणालात."

मी पुन्हा तिच्यासमोर बसले. ती पाय हलवत पाणी पीत होती. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि ते सगळं, तसंच्या तसं सांगितलं.

या वेळी तिने काही विचारलं नाही. तिचं तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. बराच वेळ नुसतं उघडं तोंड. काचेमागे नाडगौडा पुढे वाकले होते. मग अगदी खालून, म्हाताऱ्या माणसासारखा एक सूर निघाला आणि लांबत गेला, लांबतच गेला. तसा आवाज मी लहान मुलाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नाडगौडांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदाशिवाय दुसरं नाव नाही.

तो सूर संपला तेव्हा जगदीशनी मशीन बंद केलं, टेपचं चाक काढून टेबलावर ठेवलं आणि आपला डबा उचलला. दारात मला म्हणाले, "दीदी, आप तो इसकी अपनी थीं." दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

मी नयनाला सांगितलं की आई जिवंत आहे. शपथ घेतली. तिने मान हलवली, हो म्हणाली. त्या संध्याकाळी भाऊजी आले, तेव्हा आईसाठी निरोप द्यायला त्यांच्याकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाली, "मावशी, बाबा को मत बताना कि मुझे मालूम है. वो रोएँगे."

मग मला भीती वाटली. मी दवाखान्यात जाऊन नर्सच्या हातापाया पडले. ती म्हणाली, मुलीला वर आणता येणार नाही, खाली अंगणात आणा, पेशंटला खिडकीशी बसवते. मी नयनाला रिक्षाने नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दोन नर्सनी धरून ताईला बसवलं. तिचा चेहरा सुजला होता, डोळे दिसत नव्हते, केस कापले होते. तिने हात वर केला.

"बघ, आई! हात कर."

नयनाने नीट पाहिलं. "ये कोई और है," ती म्हणाली. "मावशी, चलो, धूप लग रही है."

वर ताईचा हात तसाच राहिला. मग नर्सने तो धरून खाली घेतला. संध्याकाळी मी वर गेले तर ताईने विचारलं, "ती हसली का गं?" मी म्हटलं, "हो, खूप." आणखी एक खोटं. पण तेवढंच माझ्याकडे द्यायला उरलं होतं.

सहा दिवसांनी माणिकताई गेली. भाऊजी सकाळी आले, दाढी वाढलेली. नयनाला मांडीवर घेतलं आणि सांगू लागले. नयनाने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "मुझे मालूम है, बाबा. रोओ मत." तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "हिला कुणी सांगितलं?" मी चहा ठेवायला आत गेले.

तेरावा झाल्यावर मी कामावर रुजू झाले. आता चित्रं काढायची होती. त्यासाठी टेप हळूहळू पुढे सरकवून, कुठला स्वर कितव्या चित्रात येतो हे टिपायचं असतं. म्हणजे तोंड किती उघडायचं, छाती कधी भरायची, ते कळतं. तो सूर सत्तेचाळीस सेकंदांचा होता. पाचशे चौसष्ट चित्रं. दोन महिने मी ते रडणं ऐकत होते, पुढे, मागे, अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांत. पहिले दोन दिवस मला उलट्या झाल्या. नंतर झाल्या नाहीत. नंतर मी फक्त तोंड काढत होते. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही.

फिल्मला दिल्लीत पहिलं बक्षीस मिळालं. नाडगौडांनी शब्द पाळला. माझं नाव एकटं, पूर्ण पडद्यावर आलं. डिसेंबरात हजरतगंजातल्या एका थिएटरात शाळांसाठी खास खेळ ठेवला. नयनाची शाळाही होती. भाऊजींनी रजा काढली, मुलीचा आवाज ऐकायचा म्हणून. आम्ही तिघं एका रांगेत बसलो, ती मध्ये.

मुलं आरडाओरडा करत फिल्म बघत होती. टुनी आईची सावली ओढून नेते, आई सुकते, टुनी तोंड उघडते आणि आवाज येत नाही. थिएटर गप्प झालं. मग तो सूर सुरू झाला. पडद्यावर एक गोल खार, गाल फुगलेले, शेपटी थरथरत असलेली. पुढच्या रांगेतला कुणीतरी खुदकन हसला. त्याच्यामागे दुसरा. मग अख्खं थिएटर हसू लागलं. टुनी जितकी रडत होती तितकी मुलं जास्त हसत होती, एकमेकांना ढकलून तिची नक्कल करत होती. नयना शेजारच्या मुलीला म्हणाली, "ये मैं हूँ." ती म्हणाली, "चल, झूठी." आणि दोघी हसायला लागल्या. नयना पोट धरून हसत होती.

भाऊजी हसत नव्हते. दिवे लागले तेव्हाही ते पडद्याकडेच पाहत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी नयनाला शेंगदाणे घ्यायला पाठवलं आणि मला विचारलं, "हे कधी रेकॉर्ड केलं?"

"एप्रिलमध्ये."

"माणिक असताना?"

"हो."

"काय सांगितलं होतंस तिला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दोन्ही वेळचं. खिडकीचंही. ते ऐकत होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "त्याने सांगितलं म्हणून केलंस?"

"नाही," मी म्हटलं. "मला हवं होतं म्हणून केलं."

त्यांनी मान हलवली, जाऊन नयनाचा हात धरला आणि गर्दीत निघून गेले. फेब्रुवारीत त्यांनी गोरखपूरला बदली करून घेतली. पत्ता मला त्यांच्या ऑफिसातल्या लोकांकडून कळला.

नाडगौडा मुंबईला गेले. मला त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्यांची मोठी फिल्म झाली नाही, पण जाहिरातींत बस्तान छान बसलं. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, स्वतः काढलेलं, सुंदर अक्षरातलं.

१९८४ च्या मे महिन्यात मी गोरखपूरला गेले. न कळवता. भाऊजी दौऱ्यावर होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं होतं, लतिका नावाच्या नागपूरच्या बाईशी. साधी, बोलकी. मी माणिकची बहीण म्हटल्यावर तिने मला आत ओढूनच घेतलं. "अहो, हे कधी सांगतच नाहीत तिकडच्या कुणाबद्दल! बसा ना. राहा दोन दिवस." भाऊजींनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

नयना बारा वर्षांची झाली होती. उंच, माणिकताईचं कपाळ. तिने मला वाकून नमस्कार केला, पाणी आणून दिलं, शाळेबद्दल विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. कितवीत आहेस, आवडता विषय कोणता, असलंच मी विचारत होते. दुसरं काही सुचत नव्हतं. लतिकाने पोहे केले. तिने फोटो दाखवले. नयना सगळा वेळ माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती, पाहुण्यांसमोर बसतात तशी.

निघताना लतिका म्हणाली, "जा गं, मावशीला रिक्षात बसवून ये."

आम्ही फाटकापर्यंत आलो. रिक्षा थांबली. मी म्हटलं, "नयना, मला तुला काही सांगायचंय."

"मुझे नहीं सुनना है," ती म्हणाली. रागाने नाही, दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं तसं. "मम्मी को आप अच्छी लगी हैं. वो आपको फिर बुलाएँगी, चिट्ठी लिखेंगी. आप मत आइएगा."

मी रिक्षात बसले. तिने रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं आणि मला नमस्ते केलं.

लतिकाची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की या, नयनालाही बरं वाटेल. मी उत्तर पाठवलं नाही. मग पत्रं यायची बंद झाली.